वजाबाकीची फौज

परक्या मुलखात अनेक देशांचं मिळून सैन्य उतरतं, तेव्हा पत्रकारांना दोन आकडे हमखास सांगितले जातात. किती देश आले आणि किती सैनिक आले. दोन्ही आकडे खरे असतात, पण त्यांवरून फारसं काही कळत नाही. कारण प्रत्येक देश आपल्या तुकडीबरोबर अटींची एक यादीही पाठवतो. रात्रीची गस्त नाही, नेमून दिलेल्या प्रांताबाहेर पाऊल नाही, कुणाला पकडून ठेवायचं नाही, जमावावर बळ वापरायचं नाही. या अटी एकेक करून वजा करत गेलं की शेवटी जे उरतं, तेवढंच त्या फौजेचं बळ. शांत दिवसांत ही वजाबाकी कुणी करायला बसत नाही. ती होते तेव्हा बाहेर शहर पेटलेलं असतं आणि कुणीतरी वायरलेसवर कुमक मागत असतो.

२००४ च्या वसंतात, जेमतेम तीन आठवड्यांच्या अंतराने, ही वजाबाकी दोन ठिकाणी उघड्यावर झाली. मार्चमध्ये कोसोवोत आणि एप्रिलमध्ये इराकात.

आधी इराकचा कायदेशीर पाया पाहू, कारण पुढचं बरंच त्यातून निघतं. २२ मे २००३ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव १४८३ मंजूर केला आणि अमेरिका व ब्रिटन यांना कब्जेदार सत्ता म्हणून नावानिशी मान्यता दिली. हा काही मान नाही. त्याबरोबर १९०७ च्या हेग नियमावलीचं कलम ४३ गळ्यात पडतं. ज्याच्या हाती मुलूख, त्याने सार्वजनिक सुव्यवस्था जमेल तितकी पूर्ववत करावी, ती राखावी, आणि अगदीच अशक्य नसेल तर तिथले चालू कायदे पाळावेत. बाजार लुटला जातोय आणि आपण नुसते बघत उभे आहोत, ही मुभा कब्जेदाराला नसते. पण याच ठरावाच्या प्रस्तावनेत आणखी एक ओळ आहे आणि खरी मेख तिथे आहे. इतर देश या सत्तेच्या हाताखाली काम करतील, मात्र ते स्वतः कब्जेदार नसतील, असा तिचा आशय. थोडक्यात, मांडवात यायचं पण यजमानपण अंगावर घ्यायचं नाही.

या ओळीच्या भरवशावर पोलंडच्या नेतृत्वाखाली एक अख्खी डिव्हिजन जमवली गेली. ३ सप्टेंबर २००३ रोजी तिने अमेरिकन मरीन सैनिकांकडून दक्षिण-मध्य इराकची सूत्रं घ्यायला सुरुवात केली. बाबिल, करबला, नजफ, कादिसिया आणि वासित असे पाच प्रांत, सुमारे ९,००० सैनिक आणि वीसहून अधिक देश. वासितमध्ये युक्रेनची ब्रिगेड होती, तिचं मुख्य शहर कुत. नजफ आणि कादिसियात स्पेनची ब्रिगेड; तिच्यात होंडुरास, एल साल्वादोर, डॉमिनिकन रिपब्लिक आणि निकाराग्वाच्या तुकड्या, कारण निदान भाषा तरी एक. करबलात बल्गेरियाची पलटण, शिवाय थायलंडचे डॉक्टर आणि इंजिनिअर. बगदादचा हुकूम इंग्रजीत यायचा, पोलिश अधिकारी तो इंग्रजीतच पुढे धाडायचे, दिवानियात, म्हणजे स्पॅनिश ब्रिगेडच्या मुख्यालयात, त्याचं स्पॅनिश व्हायचं आणि रस्त्यावरच्या माणसाच्या कानी तो दुभाष्याच्या अरबीतून पडायचा. दारूगोळ्याची तीच तऱ्हा. पोलिश आणि स्पॅनिश रायफलींना ५.५६ मिलिमीटरचं काडतूस लागतं, युक्रेनियन रायफलींना ५.४५ चं. फरक ०.११ मिलिमीटरचा, पण अडचणीच्या वेळी शेजारच्या तळावरून पेटी मागवावी तर तिचा उपयोग शून्य.

आता नऊ हजार म्हणजे प्रत्यक्षात किती, हे पाहायला एक साधा हिशेब मांडू. समजा एका पलटणीत ६०० माणसं आहेत. त्यांतले स्वयंपाकी, मेकॅनिक, वायरलेसवाले, दवाखाना आणि कार्यालय मिळून २०० वजा करा. उरलेल्या ४०० पैकी दहा टक्के कायम रजेवर, आजारी किंवा प्रवासात. राहिले ३६०. तळाचं फाटक, चार मनोरे आणि तातडीची राखीव तुकडी ही चोवीस तास तीन पाळ्यांत चालवायची, म्हणजे आणखी शंभर गेले. २६० उरतात, तेही तीन पाळ्यांत. एका वेळी तळाबाहेर पडू शकतात साधारण ८५ सैनिक. चार गाड्यांच्या गस्तीला वीस माणसं लागतात. म्हणजे सहाशेच्या पलटणीतून कुठल्याही क्षणी चार गस्ती रस्त्यावर असतात, आणि यात अजून एकही अट वजा केलेली नाही. तळ जितका लहान, तितका स्वतःला राखण्यातच त्याचा जीव जातो. ज्या देशाने दीडशे माणसं पाठवली, त्याचा झेंडा मिळतो. गस्त बहुधा एकही मिळत नाही.

परक्या मुलखात व्यवस्था टिकवायची तर हजार लोकसंख्येमागे वीस सुरक्षा कर्मचारी हवेत, असा अभ्यासकांचा एक ठोकताळा आहे. १९९९ मध्ये वीसेक लाख वस्तीच्या कोसोवोसाठी नाटोने सुमारे ५०,००० सैनिकांची फौज उभी केली, म्हणजे हिशेब जुळत होता. इराकची लोकसंख्या अडीच कोटी. त्या मापाने पाच लाख माणसं हवी होती, आणि सगळे देश मिळून त्याच्या निम्मीही कधी जमली नाहीत. ठोकताळाच तो, त्याची पूजा बांधायचं कारण नाही. पण तूट एवढी मोठी असेल, तर सेनापतीच्या हुशारीने ती भरून निघत नाही.

त्यातून सेनापतीच्या हाती नेमकं काय असतं, तेही बघण्यासारखं आहे. सैनिकाची पूर्ण कमान कुठलाही देश परक्याच्या हाती देत नाही. देतो ती कामापुरती कमान, म्हणजे ठरलेल्या भागात, ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या मुदतीपर्यंत. तुकडी फोडायची, दुसऱ्या प्रांतात हलवायची किंवा तिला वेगळं काम द्यायचं, तर तिच्या राजधानीतून होकार यावा लागतो. प्रत्येक तुकडीबरोबर त्या देशाचा एक ज्येष्ठ अधिकारी असतो. हुकूम आपल्या देशाच्या अटीत बसत नसेल तर तो लाल कार्ड दाखवतो आणि विषय संपतो. यात बंडखोरी काही नाही, त्याची नेमणूकच त्यासाठी असते. म्हणून जाणता सेनापती पहिल्याच आठवड्यात एक तक्ता करून घेतो. उभ्या रकान्यात तुकड्या, आडव्या रकान्यात कामं: झडती, अटक, जमाव पांगवणं, रात्रीची हालचाल, शेजारच्या प्रांतात कुमक. घर हिरवं, पिवळं किंवा लाल. राखीव दल निवडायचं ते हिरव्या ओळीतून, कारण अटीने बांधलेलं राखीव दल मागणी येते तेव्हाच नेमकं हात वर करतं. सगळ्या अटी लेखी येत असत्या तर हा तक्ता पुरला असता. बऱ्याच अटी तोंडी असतात, आणि काही तर अधिकाऱ्याला स्वतःलाही राजधानीचा फोन येईपर्यंत ठाऊक नसतात.

अटींचं सगळ्यात प्रामाणिक उदाहरण दक्षिण इराकातल्या समावा शहराचं. जपानने २००३ मध्ये खास कायदा करून सुमारे ६०० सैनिक तिथे पाठवले. काम पाणी शुद्ध करून देण्याचं, शाळा आणि रस्ते दुरुस्त करण्याचं. स्वसंरक्षणापलीकडे हत्यार चालवायचं नाही, आणि जिथे लढाई चालू नाही अशाच भागात राहायचं. मग त्यांच्याभोवतीची सुरक्षा कोण पाहणार? आधी डच सैन्याने पाहिली. २००५ च्या मार्चमध्ये डच निघाले, तेव्हा ब्रिटिशांनी भार उचलला आणि मग ऑस्ट्रेलियाने मुख्यतः याच कामासाठी सुमारे ४५० सैनिक धाडले. सैन्याला राखायला दुसरं सैन्य. याची थट्टा पुष्कळ झाली, पण जपानने अट पहिल्या दिवशीच उघड सांगितली होती. त्यामुळे तिच्याभोवती योजना आखता आली, आणि जुलै २००६ मध्ये त्यांचं पथक इराकात एकही माणूस न गमावता परत गेलं. अट असणं इतकं घातक नसतं. आयत्या वेळी कळलेली अट माणसं मारते.

एप्रिल २००४ मध्ये ते झालं. २८ मार्चला बगदादमधल्या कब्जेदारांच्या प्रशासनाने मुक्तदा अल-सद्र या विरोधक शिया धर्मगुरूचं वर्तमानपत्र बंद केलं. ३ एप्रिलला त्याचा एक जवळचा सहकारी पकडला गेला. ४ एप्रिलला नजफच्या स्पॅनिश तळावर आधी जमाव आणि पाठोपाठ बंदूकधारी चालून आले. निर्णय एकाचा आणि गोळ्या दुसऱ्याच्या फाटकावर. त्या दिवशी एल साल्वादोरचा सैनिक मारला गेला. करबलात नगरभवनाची इमारत पोलिश आणि बल्गेरियन सैनिकांनी रात्रीमागून रात्री लढून टिकवली. कुतमध्ये मात्र युक्रेनियन तुकडीने ७ एप्रिलला ठाणं सोडलं आणि शहर सद्रच्या माणसांच्या हाती गेलं. युक्रेनच्या सैनिकांना नावं ठेवणं सोपं आहे. पण त्यांना पाठवलं होतं ते घडी बसवण्याच्या कामाला. शहर लढून राखण्याचा विषय त्यांच्या संसदेपुढे त्या शब्दांत कधी मांडलाच गेला नव्हता. जी पडझड झाली ती त्या मोकळ्या जागेत झाली.

भोकं बुजवायला माणसं आली ती एकाच देशाची. अमेरिकेची पहिली आर्मर्ड डिव्हिजन वर्षभराची पाळी संपवून घरी निघाली होती, काही सामान कुवेतला पोचलंही होतं. १५ एप्रिलला सुमारे २०,००० सैनिकांचा मुक्काम तीन महिन्यांनी वाढल्याचं जाहीर झालं आणि तीच डिव्हिजन कुत, नजफ आणि करबलाकडे वळवली गेली. तीन दिवसांनी स्पेनच्या नव्या सरकारने सैन्य परत बोलावलं. पाठोपाठ होंडुरास आणि डॉमिनिकन रिपब्लिकही निघाले, कारण त्यांची रसद, दवाखाना आणि वायरलेस सगळं स्पॅनिश ब्रिगेडवर टांगलेलं होतं. एल साल्वादोर तेवढा थांबला. एक मोठा देश निघतो तेव्हा त्याच्या खांद्यावर बसलेले लहानही उतरतात, हे देशांची संख्या मोजणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

कोसोवो हा कायद्याच्या भाषेत कब्जातला मुलूख नव्हता. जून १९९९ च्या ठराव १२४४ ने तिथलं प्रशासन संयुक्त राष्ट्रांकडे आणि सुरक्षा नाटोच्या नेतृत्वाखालच्या केएफओआर या फौजेकडे दिली. सैनिकाच्या दृष्टीने काम तेच. इथे पाच विभाग केले होते आणि प्रत्येकावर एक मोठा देश: ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली, अमेरिका. पाच वर्षांत हे विभाग स्वतंत्र संस्थानांसारखे झाले. १६ मार्च २००४ ला इबार नदीत तीन अल्बेनियन मुलं बुडाली. सर्बांनी कुत्रं मागे लावल्यामुळे ती पाण्यात उतरली, अशी बातमी पसरली आणि १७ व १८ मार्चला हजारो लोक एकाच वेळी डझनावारी ठिकाणी रस्त्यावर आले. १९ जण मेले, सुमारे ४,००० लोकांना घर सोडावं लागलं, तीसहून अधिक चर्च आणि मठांची नासधूस झाली. फौजेत तेव्हाही सतरा-अठरा हजार सैनिक होते.

प्रिझरेन हे जर्मन विभागाचं शहर. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या पोलिसांनी मदत मागितली आणि ती वेळेवर आली नाही. शहरातलं ल्येविश्का नावाचं मेरीमातेचं चौदाव्या शतकातलं चर्च पेटवलं गेलं. शहराबाहेरच्या आर्चएंजल मठातल्या भिक्षूंना जर्मन सैनिकांनी सुखरूप बाहेर काढलं आणि मठ जळू दिला. कारण जवळ दोनच गोष्टी होत्या: रायफल आणि समजूत. ढाली पुरेशा नव्हत्या, अश्रुधूर वापरायला देशातल्या कायद्याची आडकाठी होती, आणि माणसाचा जीव वाचवण्यासाठी गोळी चालते, इमारत वाचवण्यासाठी नाही, असं सैनिकाच्या खिशातलं नियमांचं कार्ड सांगत होतं. निःशस्त्र बायकापोरं पुढे घालून येणाऱ्या जमावावर रायफल चालवायची नाही, हा निर्णय मला चूक वाटत नाही. चूक आधीची होती. पाच वर्षांत जमाव हाताळायची साधनं आणि सराव कुणी दिला नाही, ती. उत्तरेत फ्रेंच विभागातल्या स्विनियारे गावात सर्बांची शंभराहून अधिक घरं जळाली, आणि फ्रेंच सैन्याचा मोठा तळ तिथून हाकेच्या अंतरावर होता. त्याच दोन दिवसांत चाग्लाविट्सा गावाशी स्वीडिश सैनिकांनी दिवसभर दगड आणि पेट्रोल बॉम्ब खात फळी धरली. देचानीच्या मठाभोवती इटालियन सैनिक उभे राहिले आणि मठ वाचला. फौज एक आणि कागद एक, तरी विभागाची हद्द ओलांडली की नशीब बदलत होतं.

यानंतर नाटोने बऱ्याच अटी मागे घ्यायला लावल्या, तुकड्या विभाग ओलांडून हलवायची मोकळीक घेतली, ढाल-दांड्याचा सराव सक्तीचा केला आणि कालांतराने ब्रिगेडच्या जागी टास्क फोर्स आणले. इटलीच्या काराबिनेरीसारख्या अर्धलष्करी पोलिसांचं महत्त्व तेव्हा सगळ्यांना पटलं. सैनिक आणि पोलीस यांच्यामधली जी जागा असते, तीत उभं राहायचं प्रशिक्षण फक्त अशा दलांकडे असतं. त्याने सगळं निभावलं असंही नाही. २९ मे २०२३ ला झ्वेचानमध्ये जमावाशी झालेल्या झटापटीत या फौजेचे ९३ सैनिक जखमी झाले, बहुतेक इटालियन आणि हंगेरियन. पण या वेळी ते फळी धरून उभे होते.

दंगल रोज होत नाही. रोज होतो तो नाका, आणि परक्या फौजेची मुलखाशी गाठ पडते ती मुख्यतः तिथे. नीट मांडलेल्या नाक्याचे चार भाग असतात. बऱ्याच अलीकडे स्थानिक भाषेतली ठळक पाटी. मग काँक्रीटचे ठोकळे नागमोडी ठेवलेला पट्टा, ज्यातून कुणालाही वेग धरता येत नाही. मग झडतीची जागा, थोडी बाजूला, म्हणजे स्फोट झाला तरी रांग वाचावी. आणि मागे उंचावर या सगळ्यावर नजर ठेवणारी मशीनगन. रात्री पाटीवर उजेड हवा. हाताची खूण प्रवाशाला कळेल अशी हवी. वर धरलेली मूठ म्हणजे थांब, हे सैनिकाला कळतं, टॅक्सीवाल्याला नाही. घाईघाईत लावलेल्या तात्पुरत्या नाक्यावर यातल्या पहिल्या दोन गोष्टी गळतात, आणि उरतात त्या शेवटच्या दोन.

४ मार्च २००५ च्या रात्री बगदाद विमानतळाच्या रस्त्यावर असाच एक तात्पुरता नाका होता. हवा खराब असल्याने हेलिकॉप्टर उडत नव्हती, म्हणून अमेरिकन राजदूताचा ताफा रस्त्याने जाणार होता आणि त्याच्यासाठी थोड्या वेळापुरता रस्ता अडवला होता. ताफा गेला, पण नाका उठवायचा निरोप सैनिकांपर्यंत पोचला नाही. तेवढ्यात ओलीस ठेवलेल्या एका इटालियन पत्रकार महिलेला सोडवून आणणारी गाडी आली. प्रकाशझोत पडला, इशारा झाला आणि लगोलग गोळ्या. इटलीच्या गुप्तचर खात्याचे अधिकारी निकोला कालिपारी जागीच गेले. इटली त्याच फौजेतला भागीदार होता. दोन्ही देशांनी एकत्र चौकशी केली आणि शेवटी अहवाल दोन निघाले. अमेरिकेच्या मते सैनिक नियमाने वागले. इटलीच्या मते नाक्याला पाटी नव्हती, मांडणी धड नव्हती. पुढे रोमच्या न्यायालयात खटला उभा राहिला आणि २००७ मध्ये तो अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर पडला, कारण अशा फौजेतला सैनिक ज्याच्या त्याच्या देशाच्याच कायद्याला बांधलेला असतो. बगदादच्या प्रशासनाचा आदेश क्रमांक १७ इराकी न्यायालयांना हेच सांगत होता. भागीदार देशाला दाद मिळाली नाही, तिथे त्या नाक्यावरच्या टॅक्सीवाल्याची काय कथा.

आणखी एक नुकसान असतं ते कुठल्या अटीतही बसत नाही. पोलिश डिव्हिजनचं मुख्यालय बॅबिलोनच्या प्राचीन अवशेषांतच होतं. तळ आधी अमेरिकनांनी टाकला, पोलिश लोकांनी पुढे चालवला. हेलिपॅड झालं, खंदक खणले गेले, बाहेरची खडी आणून पसरली गेली. जानेवारी २००५ मध्ये ब्रिटिश म्युझियमचा अहवाल आला. २,६०० वर्षं जुन्या विटांचा फरसबंदी रस्ता अवजड गाड्यांनी फुटला होता, आणि उत्खननाच्या जागेतली माती वाळूच्या पोत्यांत भरली गेली होती, खापरांसकट. कुणी मुद्दाम केलं नाही. सहा महिन्यांची पाळी घेऊन आलेल्या सैनिकाला पोती भरायची असतात आणि माती पायाखालीच असते. आठवडा-दीड आठवड्यात जुनी तुकडी नव्या तुकडीला कारभार सोपवते, त्यात नकाशे आणि किल्ल्या जातात, इथली माती उकरू नका हे सांगायचं राहून जातं.

अशी फौज यशस्वी झाल्याचं एक जुनं उदाहरण आहे. फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरच्या, राष्ट्रसंघाच्या ताब्यातल्या सार प्रदेशात जानेवारी १९३५ च्या सार्वमतासाठी सुमारे ३,३०० सैनिक गेले, ब्रिटनचे १,५००, इटलीचे १,३००, बाकी स्वीडन आणि हॉलंडचे. भांडणारे दोघे, फ्रान्स आणि जर्मनी, दोघांनाही फौज मान्य होती, दोघांचेही सैनिक तीत नव्हते, गोंधळ सुरू होण्याआधी ती पोचली, आणि जायची वेळ ठरलेली होती. या चार गोष्टी एकत्र पुन्हा क्वचितच जमल्या.

२००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने भारताकडेही पूर्ण डिव्हिजन मागितली होती, सुमारे १७,००० सैनिक. जूनमध्ये पेंटागॉनचं पथक शंकानिरसनासाठी दिल्लीत आलं. भारताचे प्रश्न रोकडे होते: कमान कुणाची, मुदत किती, संयुक्त राष्ट्रांचा ठराव आहे का. शांतिसेनेचा जुना अनुभव असलेल्या देशाला ही वजाबाकी आधीच येत होती. १४ जुलैला सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने नकार दिला. स्पष्ट ठराव असेल तर विचार करू, असं सांगितलं. मागणी होती उत्तर इराकसाठी. तिथे मोसुलमध्ये अमेरिकेची १०१ वी एअरबोर्न डिव्हिजन होती. २००४ च्या सुरुवातीला ती परत गेली, तेव्हा तिच्या सुमारे २०,००० सैनिकांच्या जागी त्याच्या निम्म्याहून कमी आले. नोव्हेंबरमध्ये मोसुलच्या ठाण्यांवर हल्ले सुरू झाले आणि पोलीस गणवेश टाकून पळाले.